‘सारे शहर हसले’ या दंतकथेपलीकडचे १८७४ (धागा)

गोष्ट बहुधा अशी सांगितली जाते. १८७४ साली पॅरिसमध्ये काही तरुण चित्रकारांनी प्रदर्शन भरवले, क्लोद मोनेच्या ‘इंप्रेशन, सूर्योदय’ या चित्राची एका समीक्षकाने टर उडवली, सारे शहर हसले आणि त्या टिंगलीचेच पुढे ‘इंप्रेशनिझम’ हे नाव झाले.

ही गोष्ट खोटी नाही, अपुरी आहे. पण तिच्यात भांडण लागते ते प्रतिभावंत चित्रकार आणि मूर्ख प्रेक्षक यांच्यात. प्रत्यक्षात भांडण होते ते चित्र लोकांसमोर येऊ द्यायचे की नाही हे कोणी ठरवायचे, यावरून.

आधी त्या समीक्षकाकडे पाहू. लुई लरवा स्वतः चित्रकार आणि मुद्राचित्रकार होता. त्याचा लेख २५ एप्रिल १८७४ रोजी ‘ल शारिवारी’त छापून आला. हे पत्रच मुळात उपहासाचे. खिल्ली उडवणे हा त्याचा धंदा. लरवाने समीक्षा लिहिलीच नाही, प्रहसन लिहिले. जुन्या वळणाचा एक काल्पनिक निसर्गचित्रकार प्रदर्शन पाहत फिरतो, चित्रागणिक त्याचे डोके फिरत जाते आणि अखेर तो दालनातल्या रखवालदारालाच चित्र समजून त्याच्यापुढे नाचू लागतो. या लेखात हसे नव्या चित्रकारांचे होते, तसेच त्या म्हाताऱ्याचेही होते. दंतकथेने यातला अर्धाच विनोद उचलला.

चारच दिवसांनी, २९ एप्रिलला, ‘ल सिएक्ल’मध्ये कास्तान्यारी या समीक्षकाने हाच शब्द गंभीरपणे वापरला. हे चित्रकार इंप्रेशनिस्ट आहेत ते अशा अर्थाने, की ते निसर्गदृश्य रंगवत नाहीत, त्या दृश्याने जागवलेली संवेदना रंगवतात, असे त्याचे म्हणणे. जे केवळ तेवढ्यावरच थांबतील ते भरकटतील, असा इशाराही त्याने दिला. म्हणजे ही भाटगिरी नव्हती. मराठीतला ‘दृक्प्रत्ययवाद’ हा शब्द पाहिला तर तो लरवापेक्षा कास्तान्यारीच्या जवळचा आहे. मूळ शब्दाला असलेला अर्धवट, कच्च्या कामाचा वास त्यात उरलेला नाही.

त्या वेळच्या मतभेदाचे स्वरूप कळायला एकच चित्र पुरे. मोनेने उंचावरून पाहिलेला कापुसीन बुलेव्हार रंगवला होता: हिवाळी उजेड, घोडागाड्या आणि खाली रस्त्यावर माणसांची दाटी. माणसे म्हणजे कुंचल्याचे नुसते काळे फटकारे. लरवाचा म्हातारा विचारतो, हे खाली काळे चाटल्यासारखे काय आहे? ती फिरायला निघालेली माणसे आहेत हे ऐकल्यावर, आपणही चालताना असेच दिसतो की काय, म्हणून तो संतापतो. एर्नेस्त शेनो या दुसऱ्या समीक्षकाने मात्र याच फटकाऱ्यांत रस्त्यावरच्या गर्दीची न पकडता येणारी हालचाल प्रथमच पकडलेली पाहिली. महिना तोच, दालन तेच. तेव्हा ‘काळाला समजले नाही’ हे वाक्य सैल आहे. काहींना समजले, काहींना नाही, आणि काहींना समजूनही आवडले नाही. या तिसऱ्या गटाला मूर्ख ठरवण्याचा अधिकार आजच्या वाचकाला कोणी दिला?

आता ‘सारे शहर’ या शब्दांकडे. प्रदर्शन १५ एप्रिलपासून महिनाभर चालले आणि त्याला सुमारे ३,५०० माणसे आली. पॅरिसची वस्ती तेव्हा १८ लाखांच्या वर होती. सारे शहर हसायला आधी सारे शहर तिथे यायला हवे होते.

आले नाही, कारण चित्रे पाहण्याची जागा ठरलेली होती: सलाँ. हे सरकारी आश्रयाखालचे भव्य प्रदर्शन म्हणजे फ्रान्समध्ये चित्रकाराला ग्राहक, कीर्ती आणि सरकारी काम मिळण्याचा हमरस्ता होता. दारावर परीक्षक मंडळ बसलेले, आणि त्यावर कला अकादमीच्या मंडळींची छाप. मंडळाची मर्जी कशी फिरे याचे उदाहरण खुद्द मोने. १८६५ आणि १८६६ साली त्याची चित्रे स्वीकारली गेली. १८६७, १८६९ आणि १८७० साली नाकारली गेली. चित्र नाकारले गेले की त्याची किंमतही पडे. १८६७ च्या नकारानंतर ‘बागेतील स्त्रिया’ हे मोनेचे प्रचंड चित्र त्याचा मित्र फ्रेदेरिक बाझीय याने २,५०० फ्रँकला घेतले, महिना ५० फ्रँकच्या हप्त्याने. एका चित्रकाराचे पोट दुसऱ्या चित्रकाराच्या घरून येणाऱ्या पैशांवर चालले होते.

दंतकथेत बाझीय सहसा नसतोच. स्वतंत्र प्रदर्शनाचा बेत त्यानेच १८६७ साली घरच्यांना पत्रातून कळवला होता. पैसा जमला नाही म्हणून तो राहिला. नोव्हेंबर १८७० मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्धात तो मारला गेला. त्याच युद्धात प्रशियन सैन्याने पिसारोचे घर ताब्यात घेतले आणि त्याची कितीतरी चित्रे नष्ट झाली. मोने आणि पिसारो लंडनला गेले. तिथे त्यांना द्युराँ-रुएल हा चित्रविक्रेता भेटला, आणि परतल्यावर काही काळ तो त्यांची चित्रे नियमितपणे घेत राहिला. पुढे मंदीने त्याचाही हात आखडला.

म्हणून डिसेंबर १८७३ मध्ये या मंडळींनी जे काढले ते आंदोलन नव्हते, सहकारी कंपनी होती. रीतसर नियम आणि सभासद असलेली. तिच्या नावात कोणतीही कलाविषयक घोषणा नाही. चित्रकार, शिल्पकार, मुद्राचित्रकार इत्यादींची संस्था, इतकेच. परीक्षक मंडळ नाही, हा त्यातला खरा स्फोटक मुद्दा. नादार या छायाचित्रकाराचा जुना स्टुडिओ मिळाला. प्रवेश १ फ्रँक, आणि दिवसभरानंतर पुन्हा रात्री ८ ते १० दारे उघडी. भाग घेणारे तीसएक; त्यांत मोने, देगा, रन्वार, पिसारो, सिस्ले, सेझान, बर्त मोरिझो, आणि आज ज्यांची नावेही कोणी घेत नाही असे अनेक. माने आला नाही. त्याने सलाँचीच वाट धरली, आणि गंमत म्हणजे त्या वर्षी सलाँमधल्या त्याच्या चित्राचीही टिंगल झालीच.

डिसेंबर १८७४ मध्ये रन्वारच्या स्टुडिओत हिशेब मांडला गेला तेव्हा प्रत्येक सभासदाच्या अंगावर १८४ फ्रँक ५० सेंतिमचे देणे निघाले. कंपनी मोडली. त्या वर्षाचा पराभव शोधायचा तर तो लरवाच्या लेखात नाही, या आकड्यात आहे.

उपहास झालाच नाही असे म्हणणे हा उलट बाजूचा अतिरेक होईल. मार्च १८७५ मध्ये मोने, रन्वार, सिस्ले आणि मोरिझो यांनी आपली चित्रे लिलावात काढली तेव्हा इतका गोंधळ झाला की पोलीस बोलवावे लागले. १८७६ च्या दुसऱ्या प्रदर्शनानंतर आल्बेर वोल्फने ‘ल फिगारो’त त्यांना सरळ वेडे ठरवले, आणि त्यात एक बाई आहे हेही आवर्जून नोंदवले. हा रोख मोरिझोवर होता. हे लेखन लरवाच्या थट्टेहून कितीतरी विषारी. तरी प्रसिद्ध लरवाच, कारण नावाची गोष्ट त्याच्याशी जोडली गेली. ते नाव या गटाने १८७७ च्या तिसऱ्या प्रदर्शनात स्वतःहून घेतले. देगाला ते कधीच रुचले नाही.

राहिले ते ज्याच्यावरून सारे सुरू झाले ते चित्र. ‘इंप्रेशन, सूर्योदय’ प्रदर्शनाच्याच वर्षी विकले गेले: एर्नेस्त ओशदे या कापडव्यापाऱ्याने ते ८०० फ्रँकला घेतले. मग ओशदेचे दिवाळे निघाले, आणि १८७८ च्या लिलावात तेच चित्र २१० फ्रँकला गेले. या चार वर्षांत चित्र तेच होते, फक्त मालकाची पत गेली होती. घेणारा होता जॉर्ज द बेलिओ, रोमेनियातून आलेला होमिओपॅथ. पुढे त्याच्या मुलीने ते १९४० साली पॅरिसच्या मार्मोताँ संग्रहालयाला दिले. हे संग्रहालय फ्रान्सच्या कला अकादमीच्या मालकीचे आहे.