सर्पमित्राचा नंबर आहे, मोहोळवाल्याचा का नाही?

शिरूरला किंवा दौंडला घरात साप निघाला की कोणीतरी लगेच सर्पमित्राचा नंबर देतो. पाण्याच्या टाकीखाली मोहोळ लागले तर? टेंभा, नाहीतर विषारी फवारणी. सकाळी खाली माश्यांचा खच पडतो आणि सोसायटी म्हणते, प्रश्न मिटला.

मित्रांनो, आधी माशी तरी ओळखा. भिंतीच्या पोकळीत एकामागे एक पोळी बांधते ती सातेरी. ती जिवंत काढून पेटीत भरता येते. राणी पेटीत आली की बाकीच्या मागे येतात. उंच छज्जाखाली एकच मोठे, उघडे पोळे बांधते ती आग्या. ती पेटीत टिकत नाही. आग्या पेटीत घालून देतो म्हणून पैसे मागणारा सरळ फसवतो आहे. आग्या ऋतूप्रमाणे जागा सोडते, म्हणून पुष्कळदा तो कोपरा बंद ठेवून थांबणे हाच उपाय असतो. शाळेवर, दवाखान्यावर थांबता येत नाही, मान्य. आग्याच्या हल्ल्यात माणसे दगावतात. पण तिथेही जाणकार रात्री बेताचा धूर देऊन माश्या उठवतो, जाळत नाही.

आणि या जाणकाराला आपण काय देतो? 'पैसे कशाला, मध घेऊन जा.' मग तो अळ्यांसकट सगळे पोळे कापणार नाही तर काय करणार? जिवावरच्या कामाची मजुरी द्यायची नाही आणि वर माणूस मिळत नाही म्हणून ओरडायचे! इकडे कांद्याचे बी धरणारा शेतकरी गोंड्यांवर माशी फिरकत नाही म्हणून हवालदिल.

माणूस शोधायची सोय कायद्यातच आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि नगरपरिषदेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते. तिच्या लोकजैवविविधता नोंदवहीत स्थानिक जाणकारांना जागा आहे. मोहोळ झाडणारे, पेट्या ठेवणारे यांची नावे त्यांना विचारून तिथे लिहा, नंबर कार्यालयाच्या भिंतीवर लावा. कोणीच नसेल तर तालुक्यातली दोन पोरे पुण्याला पाठवा. केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था तिथे १९६२ पासून आहे, आणि तिच्या नावातच प्रशिक्षण आहे.

पुढच्या ग्रामसभेत विचारा: समितीची शेवटची बैठक कधी झाली? नोंदवही दाखवा. तोंडी उत्तरावर उठू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.