शरीराची साक्ष



१९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला गाजला. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या. प्रामुख्याने याच कारणास्तव १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपींस निर्दोष सोडले. परंतु जखम नसणे म्हणजे गुन्हा नसणे नव्हे. भयाने गोठलेले लेकरू झगडत नाही.

२०१२ च्या पॉक्सो कायद्यान्वये फिर्याद नोंदण्यापूर्वीही तपासणी करता येते. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनेच, विश्वासातील माणसासमक्ष करावयाची असते.

नरोलीच्या मातापित्यांनो, अब्रूच्या भयाने मुलाला गप्प करू नका. त्याला न्हाऊ न घालता, कपडे न धुता, सत्वर सिल्वासाच्या सरकारी रुग्णालयात न्या. पुरावा तासागणिक पुसला जातो. मात्र डॉक्टरांचा कागद मुका राहिला, तरी लेकराचा शब्द खोटा ठरत नाही. लहानग्यांना उराशी धरणाऱ्या प्रभूचे आपण शिष्य. त्यांचे ऐकणे हा आपला धर्मच होय.