दोरा दातांत धरून

लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेत होते, ओहायोतल्या एका छोट्या गावात. बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर लेक म्हणाली, "आई, घरात बसून तू वेडी होशील," आणि मला गावातल्या हौशी नाटकवाल्यांकडे सोडून आली. सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात राज्य नाट्य स्पर्धेची आठ नाटकं केलेली बाई मी. तिथे मला काम मिळालं प्रॉपर्टीचं. केसांचे चोवीस रोलर मोजून ट्रेमध्ये ठेवायचे आणि संत्र्याच्या रसाचा ग्लास भरायचा.

नाटक होतं 'स्टील मॅग्नोलियाज'. त्याचा लेखक रॉबर्ट हार्लिंगची बहीण १९८५ साली मधुमेहाच्या गुंतागुंतीतून गेली, लहानगं मूल मागे ठेवून. आई कशी होती हे भाच्याला कळावं, म्हणून त्याने हे लिहिलं. त्याचं हे पहिलंच नाटक. १९८७ साली ते न्यूयॉर्कला रंगमंचावर आलं, दोन वर्षांनी त्याचा सिनेमाही झाला. सगळं घडतं लुइझियानातल्या एका ब्यूटी पार्लरमध्ये. पात्रं सहा, सगळ्या बायका. मधुमेही शेल्बीचं लग्न, डॉक्टर नको म्हणत असताना तिने होऊ दिलेलं मूल, आईने दिलेली किडनी, शेवटी शेल्बीचं जाणं, यातलं काहीच आपल्याला दिसत नाही. ते कळतं केस विंचरता विंचरता झालेल्या बोलण्यातून. पुरुषांचं अस्तित्व एवढंच की शेल्बीचा बाप पाखरं उडवायला बंदुकीचे बार काढतो, ते बाहेरून ऐकू येतात.

शेल्बीच्या आईचं काम करणारी बाई स्कूलबस चालवायची. पार्लरवाली झालेली दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती. तिला रोलर लावता येईनात, तेव्हा गावातल्या खऱ्या पार्लरवालीने तीन शनिवार तिची शिकवणी घेतली. शेल्बीची साखर एकदम उतरते आणि तिला बळेबळे रस पाजतात, असा एक प्रसंग आहे. तालमीत सगळ्या जणी तो हळुवारपणे करत होत्या. सहा जणींतली एक निवृत्त नर्स म्हणाली, असं नसतं, ती ग्लास ढकलते, हात झटकते, हनुवटी घट्ट धरावी लागते. दुसऱ्या दिवशी तसं केलं, आणि विंगेत माझ्याच पोटात खड्डा पडला. माझी धाकटी जाऊ अशीच हात झटकायची.

शेवटच्या प्रवेशात लेक गेलेली आई फुटते. तिला कुणाला तरी मारावंसं वाटतं. तेव्हा एक मैत्रीण गावातल्या सगळ्यात खडूस बाईला पुढे ढकलून म्हणते, हिला मार. रडणारं थिएटर एका क्षणात खदखदून हसलं. त्या खडूस बाईचा अपमान कुणालाच वाटला नाही, कारण त्या दोघींची वीस-तीस वर्षांची भांडणं आपण तासभर ऐकलेली असतात. मैत्री म्हणजे काय, हे त्या ढकलण्यात कळतं.

आता माझी तक्रार. चाळिशी उलटलेल्या बाईला आमच्या हौशी नाटकांत दोनच खुर्च्या असतात, सोशिक आईची आणि खवचट सासूची. त्याबाहेर काही करायचं तर ८ मार्चला वीस मिनिटं मिळतात, तीही 'सामाजिक संदेश' देण्याच्या अटीवर. मीही पदर खोचून तसले संदेश दिले आहेत. प्रशांत दळवींचं 'चारचौघी' १९९१ साली आलं, आजही ताजं वाटतं. पण तिथे आई आणि मुली आहेत, रक्ताचं नातं आहे. एकमेकींच्या कुणीही नसलेल्या बायका नुसत्या हसायला, चिडायला, रडायला एकत्र बसल्या आहेत, असं दोन अंकी नाटक करू म्हटलं, तर आमच्या नाट्यमंडळाच्या बैठकीत पहिला प्रश्न येतो, "पुरुष पात्र एकही नाही? बघायला येणार कोण?"

कोण? 'झिम्मा' आणि 'बाईपण भारी देवा' बघायला जे आले, तेच. नऊवारी नेसून, गॉगल लावून, टेम्पो ट्रॅव्हलर करून बायका सिनेमाला गेल्या, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. तिकिटं काढणाऱ्या बायका आहेत, कामं करणाऱ्या आहेत. हौशी संस्थांनी मार्चची वाट न बघता त्यांना पूर्ण दोन अंक द्यावेत, एवढंच माझं म्हणणं.

त्यासाठी लुइझियानाचं भाषांतर करायची गरज नाही. आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतलं पार्लर पुरे. थ्रेडिंग करणारीच्या दातांत दोरा असतो, तिला बोलता येत नाही. खुर्चीतल्या बाईला भुवई हलवायची सोय नाही. आणि बाकावर वाट बघत बसलेली तिसरी नेमकं याच वेळी सांगते की सुनेने वेगळं घर बघितलंय. कुणी काही बोलायचं नाही, फक्त दोऱ्याची सरसर वाढत जायची. असा प्रवेश माझ्या समोर घडला आहे. तो लिहायला नाटककाराने चार सोमवार पार्लरमध्ये बसावं. लाजत असेल तर बायकोला पाठवावं, किंवा बायकोलाच लिहू द्यावं.

आम्ही चौघी जमलो आहोत, अजून दोघी हव्यात. मंडळातल्या पुरुषांना डावललं असं वाटू नये म्हणून त्यांच्यासाठीही काम राखून ठेवलंय. विंगेत उभं राहून स्कूटरचा हॉर्न वाजवायचा आणि अधूनमधून विचारायचं, "झालं का गं?"