दंतपट्टीची मोकळीक

खामगांव ही आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील कापसाची जुनी पेठ. जलंबपासून तेथवर आगगाडीचा फांटा १८७० सालीं आला, तो मुख्यतः या कापसाकरितांच. जेथें जिनिंगचे कारखाने, तेथें दुरुस्तीचीं कामें. आणि जेथें दुरुस्ती, तेथें लेथ हें ठरलेलेंच. लेथच्या लांबीभर एक दांतेरी पट्टी बसविलेली असते. तिला रॅक म्हणतात. तिच्या दांतांत पिनिअन नांवाचें लहान दंतचक्र फिरतें, आणि त्यामुळें हत्यार धरणारी कॅरेज डावी-उजवीकडे सरकते. शाळेंतील सूक्ष्मदर्शकाची नळी वर-खालीं होते तीहि बहुधा याच युक्तीनें. तेव्हां हा विषय केवळ कारखान्यापुरता आहे असें वाचकांनीं समजूं नये.

पट्टीची खांच चक्राच्या दांतापेक्षां किंचित् रुंद असावीच लागते. तसें नसेल तर तेलास जागा उरत नाहीं व धातु तापून फुगला कीं दांत अडकतात. या मोकळिकेस कारागीर ‘बॅकलॅश’ किंवा ‘प्ले’ म्हणतात. हातचक्र उलट फिरवितांना कॅरेज हलण्यापूर्वीं जो पोकळ फेर जाणवतो, तो हाच. दांत झिजून जितका पातळ होतो, तितकीच ही मोकळीक वाढते. म्हणून प्रश्न दांताच्या जाडीचा आहे.

मॉड्यूल २ ची पट्टी घेऊं. तिच्या एका दांतापासून दुसऱ्या दांतापर्यंतचें अंतर २ गुणिलें ३.१४१६, म्हणजे ६.२८३ मिलिमीटर, दांताची जाडी त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारें ३.१४. ही जाडी माथ्यापासून २ मिलिमीटर खालीं मोजावयाची असते. त्यासाठीं आडवी व उभी अशा दोन पट्ट्यांचा व्हर्निअर मिळतो. परंतु येथें एक फसगत आहे. दांताचा माथाच ०.१ मिलिमीटर झिजला असेल, तर उपकरण तेवढें खालीं बसतें. दांताच्या बाजू २० अंशांनीं कललेल्या असल्यामुळें तेथें दांत अधिक रुंद असतो, आणि जाडी सुमारें ०.०७ ने जास्त दिसते. झीज झांकली जाते!

यापेक्षां खात्रीचा मार्ग असा. खांचेंत सुमारें ३.३४ मिलिमीटर व्यासाची अचूक गोल सळई ठेवावी आणि पट्टीच्या पाठीपासून सळईच्या माथ्यापर्यंतची उंची मायक्रोमीटरनें घ्यावी. प्रथम न झिजलेल्या टोंकाशीं, मग झिजलेल्या भागांत. सळई जितकी खालीं बसली, त्या अंतरास ०.७२८ ने गुणिलें कीं दांत किती पातळ झाला तें कळतें. हा आंकडा म्हणजे २० अंशांच्या टॅन्जंटची दुप्पट. सळई ०.२० खालीं गेली, तर जाडी सुमारें ०.१५ ने घटली.

आतां खरा धोका पाहूं. लेथवर बहुतेक कामें आंखूड असतात; म्हणून पट्टी चकाकडील भागांत झिजते, दूरचें टोंक जवळजवळ नवें राहतें. उतावीळ मनुष्य न मोजतां पट्टी चक्राकडे ०.२० ने सरकवितो. चकापाशीं पोकळ फेर जातो, त्यास समाधान वाटतें. पण त्याच सरकण्यानें दूरच्या टोंकाचीहि मोकळीक ०.१५ ने घटते. तेथें मुळांत ०.१० च असेल, तर चक्र अडकून बसतें आणि जोर केल्यास दांत तुटतो. ऐन हंगामांत जिन दुरुस्तीवांचून थांबला, कीं कापूस घेऊन आलेला शेतकरी ताटकळतो.

उपाय मोजणीनेंच सुचतो. लांब पट्टी पुष्कळदां तुकड्यांची असते. छिद्रें जुळत असल्यास झिजलेला तुकडा दूरच्या टोंकास व तेथील चांगला तुकडा चकाकडे बसवितां येतो. खर्च नाममात्र. तें शक्य नसेल, तर तेवढाच तुकडा नवा करावा. घरांतील जी मुलें-मुली तंत्रशाळेंत जात असतील, त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें: मोकळीक हा सर्वस्वीं दोष नव्हे, आणि ती किती व कोठें आहे हें मोजल्यावांचून पट्टीस हात लावूं नये.