लाकडी खिडकीचा घसारा आणि तरतूद

व्यापारी कुटुंबात मालमत्तेचा घसारा दरवर्षी न चुकता मांडला जातो. मोटार, संगणक, दुकानातील फर्निचर, वजनकाटा या प्रत्येकाची ताळेबंदात नोंद असते. राहत्या घराच्या खिडकीला मात्र कोणत्याही वहीत स्थान नसते. ती उघडते आणि मिटते तोवर तिच्याकडे कोणी पाहत नाही. एखाद्या श्रावणात ती अडकते, रंगाचे पोपडे सुटतात, कोपऱ्यातले लाकूड बोटाने दाबले जाते आणि मग तिचा हिशेब एकदम, मोठ्या रकमेने समोर येतो.

दक्षिण महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी कापडाचा व्यापार करणाऱ्या कुटुंबावर असाच प्रसंग आला. बंगला बारा वर्षांपूर्वीचा. त्याला चौदा सागवानी खिडक्या. त्याही जुन्या पद्धतीच्या नव्हेत. कारखान्यात तीन थर चिकटवून तयार केलेल्या पट्ट्या, काचेभोवती रबराची पट्टी, चौकटीच्या खालच्या भागात पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके, असे त्यांचे आधुनिक स्वरूप होते. त्या वर्षी पावसाळ्यात तीन खिडक्या खालून कुजल्याचे दिसले. थोरल्या मुलाने ठेकेदाराला बोलावले. ठेकेदाराने चौदाही खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या बसवण्याचा सल्ला दिला.

मुलगा वडिलांना म्हणाला, “बाबा, एकदाच खर्च करू आणि मोकळे होऊ. लाकूड आहे ते, कुजणारच. आज तीन गेल्या, उद्या बाकीच्याही जातील.”

वडील म्हणाले, “असेलही तसे. पण दुकानातला माल न मोजता आपण कधी मोडीत काढला आहे का? तीनच का कुजल्या आणि अकरा का टिकल्या, एवढे आधी समजू दे. मग तू म्हणशील तसे करू.”

जुन्या ओळखीचे सुतार मिस्त्री आले. हातात केवळ एक पेचकस. प्रत्येक पल्ल्याची खालची आडवी पट्टी, तिचे दोन्ही कोपरे आणि चौकटीचा तळ त्यांनी टोचून पाहिला. अकरा खिडक्यांत पेचकस शिरला नाही. तीन खिडक्यांत तो अर्धा इंच आत गेला. या तिन्ही पश्चिमेच्या होत्या आणि त्यांच्यावर छज्जा नव्हता. दोन खिडक्यांच्या कट्ट्यावर फुलझाडांच्या कुंड्या अगदी लाकडाला टेकून ठेवलेल्या होत्या. तिसऱ्या खिडकीची पाणी जाण्याची भोके मुंग्या येऊ नयेत म्हणून कोणीतरी सिलिकॉनने बुजवली होती. सागवान तेच, कारखाना तोच, वयही तेच. फरक फक्त पाण्याचा होता.

लाकूड का कुजते?

लाकूड केवळ वयाने कुजत नाही. ते कुजते बुरशीमुळे, आणि बुरशीला जगण्यासाठी ओलावा लागतो. लाकडातील पाण्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे वीस टक्क्यांच्या खाली राहिले, तर कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. ओलावा दीर्घकाळ त्याच्या वर राहिला की धोका सुरू होतो. पावसाची एक सर येऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी लाकूड वाळले, तर फारसे बिघडत नाही. आत शिरलेले पाणी बाहेर पडू शकले नाही, तर मात्र उत्तम सागवानही हार मानते.

पाणी शिरते कोठून, हेही पाहण्यासारखे आहे. लाकडाच्या आत उभ्या नळ्यांसारखी रचना असते. त्यामुळे पट्टीच्या सपाट अंगापेक्षा तिचे कापलेले टोक कितीतरी अधिक वेगाने पाणी ओढते. खिडकीत ही टोके सांध्यात लपलेली असतात. म्हणूनच कुज बहुधा मधोमध दिसत नाही. ती खालच्या कोपऱ्यातील सांध्यात सुरू होते.

ऊन हे दुसरे कारण, पण ते दुय्यम. उन्हाने लाकडाचा पृष्ठभाग करडा पडतो आणि तंतू सुटतात, तरी ही झीज अत्यंत मंद असते. उघड्या लाकडाचा पृष्ठभाग निव्वळ ऊन-वाऱ्याने शंभर वर्षांत काही मिलिमीटरच झिजतो. उन्हाचा खरा उपद्रव असा, की ते रंगाला तडे पाडते आणि त्या तड्यांतून पाणी आत जाते.

सागवानाच्या नावावरही आंधळा विश्वास ठेवू नये. त्याचा टिकाऊपणा गाभ्याच्या तपकिरी लाकडात असतो. तेथील तेलकट द्रव्ये बुरशीला आणि वाळवीला दूर ठेवतात. सालीलगतचे फिकट लाकूड सागाचेच असले, तरी त्यात हा गुण नसतो. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून अखंड ओंडक्यांची निर्यात बंद केली. चंद्रपूर-गडचिरोलीचा जुना सागही सर्वांना परवडत नाही. बाजारातील लागवडीच्या कोवळ्या सागात फिकट भागाचे प्रमाण अधिक असते. त्यामुळे खरेदी करताना केवळ जात विचारून भागत नाही, रंग आणि रेषाही पाहाव्या लागतात.

आधुनिकतेने घेतलेला धडा

जुन्या वाड्यांच्या खिडक्या शंभर-दीडशे वर्षे टिकल्या, मग आजच्या का टिकत नाहीत, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. वाड्याच्या भिंती जाड होत्या, खिडकी आत बसवलेली असे आणि वर रुंद पागोळी असे. पाऊस तिच्यापर्यंत क्वचितच पोहोचत असे. आजच्या घरात खिडकी भिंतीच्या बाहेरच्या अंगाला येते आणि छज्जा नावापुरता उरतो. संरक्षण कमी झाले, आणि दोष मात्र लाकडाला दिला जातो.

हा अनुभव इतर देशांनीही घेतला आहे. ब्रिटनमध्ये अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातील अनेक लाकडी खिडक्या आजही वापरात आहेत. याउलट दुसऱ्या महायुद्धानंतर घाईने बांधलेल्या घरांतील खिडक्या काही वर्षांतच कुजू लागल्या. त्यांत फिकट बाह्यलाकडाचे प्रमाण जास्त होते आणि सांधे पाणी शोषणारे होते. त्यातून धडा घेऊन पुढे लाकडावर संरक्षक प्रक्रिया करणे रूढ झाले.

आजची चांगली लाकडी खिडकी हा त्या धड्याचा परिपाक आहे. तीन थर चिकटवलेली पट्टी अखंड पट्टीपेक्षा कमी वाकते. खालचा पृष्ठभाग उतरता ठेवला जातो, म्हणजे पाणी साचत नाही. कडा किंचित गोलाकार केल्या जातात, कारण धारदार कडेवर रंगाचा थर पातळ बसतो आणि तेथूनच तो फुटतो. पल्ल्याच्या खालच्या अंगाला खाच असते, त्यामुळे थेंब आत न ओघळता तेथेच तुटून पडतो. रंगही असा वापरला जातो, की बाहेरचे पाणी आत जाऊ नये, पण आतली वाफ बाहेर पडावी. नेदरलँड्समधील आर्नहेम येथे ॲसिटिक ॲनहायड्राइडची प्रक्रिया करून ‘अकोया’ नावाचे पाइनचे लाकूड तयार होते आणि जमिनीवरील वापरासाठी त्याला पन्नास वर्षांची हमी दिली जाते. फिनलंडमध्ये सुमारे दोनशे अंश सेल्सिअसला वाफेत तापवलेले लाकूड वापरतात. आपल्याकडील भारतीय मानकानेही हवेच्या आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग करून, बांधकामाचे लाकूड किती वाळलेले असावे याच्या मर्यादा ठरवल्या आहेत.

मात्र या सर्व सुधारणा एका अटीवर काम करतात. पाण्याची वाट मोकळी राहिली पाहिजे. सिलिकॉनने बुजवलेले एक भोक कारखान्याची सारी हुशारी निष्फळ करते.

देखभालीचे पंचांग

लाकडी खिडकीची देखभाल कष्टाची नाही, पण ती वेळेवर व्हावी लागते. फाल्गुन-चैत्र हा तिचा योग्य काळ. लाकूड तेव्हा कोरडे असते. ओल्या लाकडावर रंग दिला, तर ओल आत कोंडली जाते आणि रंगच फुगून सुटतो. शिवाय हे काम चातुर्मासापूर्वी आटोपले, की जीवोत्पत्तीच्या दिवसांत खरवडणे, कापणे, रसायने फवारणे असे प्रसंग टळतात. वाळवी आणि भुंगा लागल्यावर विषारी औषध मारण्यापेक्षा लाकूड कोरडे ठेवून त्यांना येऊच न देणे, यातच जयणा आहे. काम सुरू करण्यापूर्वी बिजागऱ्यांच्या सांदीत आणि चौकटीच्या खाचेत कोळी, मुंग्या वा गांधीलमाशीचे घर नाही ना, हेही हळुवार पाहून घ्यावे.

वर्षातून एकदा पल्ला पूर्ण उघडून मऊ कापडाने व साध्या पाण्याने पुसावा, खाचेतील धूळ काढावी, आणि पाण्याची भोके बारीक काडीने मोकळी करावीत. बिजागऱ्यांना व कड्यांना तेलाचा थेंब द्यावा. रबराची पट्टी कडक झाली असेल तर बदलावी. तिच्यावर रंग कधीच लावू नये, कारण रंगवलेले रबर दबत नाही आणि फटी राहतात. कुंड्या, गाद्या व ओले कपडे लाकडाला टेकवून ठेवू नयेत. खालच्या आडव्या पट्टीवर रंगाला केसाएवढा तडा दिसला, तर त्याच दिवशी काचकागद मारून तेवढ्याच जागी रंगाचा हात द्यावा. पूर्ण खिडकीला नव्याने रंग देण्याचा काळ दिशेवर अवलंबून असतो. पश्चिम व दक्षिणेच्या खिडक्यांना तो लवकर लागतो, छज्जाखालच्या खिडक्यांना बराच उशिरा. कोकण व मुंबईत, जेथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथे पाहणी वर्षातून दोनदा करणे शहाणपणाचे.

एक चूक घरोघर होते. आषाढात खिडकी फुगून अडकली, की लगेच सुताराला बोलावून रंधा मारला जातो. फुगलेले लाकूड थंडी-उन्हाळ्यात आकुंचन पावते, आणि मग त्याच खिडकीतून वारा व पुढच्या वर्षी पाणी येते. रंधा मारलेली कड बहुधा उघडीच राहते आणि अधिकच पाणी पिते. अडकलेली खिडकी दिवाळीपर्यंत थांबू द्यावी. कोरडी झाल्यावरही घासत असेल तरच रंधा मारावा आणि त्या कडेला त्याच दिवशी रंग द्यावा.

हिशेब काय सांगतो?

आता थोडा जमाखर्च. आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत, प्रत्येकाने आपल्या गावचे दर घालून ते तपासावेत. समजा, एका खिडकीची किंमत २४,००० रुपये आहे. देखभाल न करता ती १२ वर्षे टिकली, तर वर्षाचा घसारा २,००० रुपये. देखभाल करून ती ४० वर्षे टिकली, तर घसारा ६०० रुपये. दर पाच वर्षांनी रंगासाठी ३,००० रुपये, म्हणजे वर्षाला ६०० आणि किरकोळ खर्च १०० धरला, तर देखभाल ७०० रुपये. एकूण १,३०० रुपये. एका खिडकीमागे वर्षाला ७०० रुपयांची बचत, चौदा खिडक्यांमागे ९,८००. पैशाच्या वेळेचे मोल म्हणून सात टक्के व्याज धरले, तरी पारडे देखभालीच्याच बाजूला झुकते.

ॲल्युमिनियम वा प्लास्टिकच्या खिडक्या वाईट आहेत असे नव्हे. त्यांना रंग लागत नाही, आणि ज्या घरात वर्षातून एक दिवसही खिडकीसाठी काढणे शक्य नाही, तेथे त्या योग्यच ठरतात. परंतु त्यांचा विशिष्ट आकाराचा भाग पंधरा वर्षांनी मोडला, तर तो बाजारात मिळेलच असे नाही. लाकडाचा कुजलेला सहा इंचांचा तुकडा मात्र कापून काढता येतो आणि त्या जागी नवा सांधता येतो. दुरुस्त होऊ शकणे हीसुद्धा मालमत्तेची किंमतच असते.

त्या बंगल्यात शेवटी चौदापैकी एकही खिडकी काढली गेली नाही. मिस्त्रींनी तीन पल्ल्यांच्या खालच्या पट्ट्या बदलल्या आणि नव्या पट्ट्यांची टोके सांध्यात बसवण्यापूर्वी रंगात बुडवून घेतली. भोके मोकळी झाली, कुंड्या लोखंडी स्टँडवर गेल्या, पश्चिमेला दीड फुटाचा छज्जा आला. सगळा खर्च ठेकेदाराच्या अंदाजाच्या एका लहान हिश्श्यात भागला. पुढचा पावसाळा कोरडा गेला.

दिवाळीत वहीपूजनानंतर मुलाने घरखर्चाच्या वहीत एक नवे खाते उघडले. त्यावर त्याने लिहिले, ‘खिडक्या : देखभाल तरतूद’. पहिली रक्कम ९,८०० रुपयांची होती. वडिलांनी ती पाहिली आणि शेजारी स्वतःच्या हाताने दुसरी ओळ लिहिली, ‘पाहणी : फाल्गुन वद्य पंचमी, दरवर्षी’. मुलाने विचारले, “बाबा, तिथी कशाला?” वडील म्हणाले, “पैसे बाजूला ठेवले, एवढ्याने काम होत नाही. दिवसही बाजूला ठेवावा लागतो.”