क्षीण संकेत आणि प्रामाणिक उत्तर

मोबाईलच्या पडद्यावरील निळा ठिपका आता सर्वांच्या परिचयाचा आहे. तो घरात दिसतो, दाट झाडीतही दिसतो, म्हणून आपण यंत्राचे कौतुक करतो. कौतुक योग्यच आहे. परंतु त्या ठिपक्यावर विश्वास किती ठेवावा, हा प्रश्न आपण विज्ञानाचे विद्यार्थी क्वचितच विचारतो. तो विचारला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. एका वॉटचे कोटी भाग करावेत, त्यातील एकाचे पुन्हा कोटी आणि त्यातील एकाचे शंभर. यातला जेमतेम एक भाग मोकळ्या मैदानात आपल्या हाती लागतो. रिसीव्हरमधील स्वाभाविक गोंगाट याच्या जवळजवळ शंभरपट असतो. घराच्या छपराखाली तर संकेत आणखी शेकडोपट क्षीण होऊ शकतो.

तरीही तो सापडतो, कारण तो ओळखीचा असतो. प्रत्येक उपग्रहाची १०२३ चिन्हांची ठरलेली माळ आहे आणि ती दर मिलिसेकंदाला नव्याने सुरू होते. रिसीव्हर स्वतःजवळची तीच माळ पुढेमागे सरकवून ताडून पाहतो. खडेबाजारच्या गर्दीतही आपल्या माणसाची हाक कान टिपतो, तसेच हे. अशा शंभर माळांची बेरीज केली की संकेत शंभरपट होतो, गोंगाट मात्र दहापटच वाढतो. मात्र दर २० मिलिसेकंदांनी संदेशाचे चिन्ह उलटू शकते, म्हणून सरळ बेरीज फार वेळ चालत नाही. पुढे वर्ग करून बेरीज घ्यावी लागते आणि लाभ घटतो. १९९६ साली अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने संकटात फोन करणाऱ्याचे ठिकाण कळावे असा नियम केला. त्यानंतर या संशोधनाला मोठा वेग आला. उपग्रहांची माहिती मोबाईलच्या जाळ्यातून आधीच पुरवून शोध सोपा करण्याची युक्तीही रूढ झाली.

येथेच माझा मुद्दा येतो. कान जितका तीक्ष्ण, तितका भास होण्याचा संभव अधिक. खिडकीतून थेट दिसणाऱ्या उपग्रहाचा जोरदार संकेत दुसऱ्याच्या माळेशीही थोडाफार जुळतो आणि क्षीण उपग्रह सापडल्याचा आभास होतो. भिंतीवर आदळून आलेला संकेत लांबचा रस्ता घेतो. एका मायक्रोसेकंदाचा उशीर म्हणजे ३०० मीटरांची वाट. म्हणजे संकेत सापडला, पण उत्तर चुकले.

खानापूरच्या जंगलात अपघात झाला आणि कोणी ११२ क्रमांक फिरवला, तर रुग्णवाहिका कोठे जाईल? काही म्हणतील, चालकाला नेमका ठिपका हवा, शंका नकोत. मला हे पटत नाही. ‘या ३०० मीटरांच्या वर्तुळात कोठेतरी’ असे कळले, तर चालक थांबून शोधेल, हाक मारील, वाटेत विचारील. खोटा नेमकेपणा मात्र त्याला निर्धास्तपणे भलत्याच वाटेने नेईल. म्हणून यंत्राने ठिपक्याबरोबर आपली शंकाही सांगितली पाहिजे आणि ती मदत करणाऱ्यापर्यंत पोचली पाहिजे.

पण यंत्राकडून ही अपेक्षा करताना आपल्या प्रयोगशाळेकडेही पाहावे. पुस्तकातल्या उत्तराशी वाचने जुळवून घ्यायची आणि त्रुटीचा रकाना शेवटी कसाबसा भरायचा, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. या वह्यांतून तयार होणारे अभियंतेच उद्याचे रिसीव्हर बनवणार आहेत. प्राध्यापकांनी जुळलेल्या उत्तरापेक्षा प्रामाणिक त्रुटीला अधिक गुण द्यावेत, अशी माझी विनंती आहे. क्षीण आवाज ऐकणे ही विद्या आहेच. ऐकले त्यात खात्रीचे किती, हे सांगणे ही त्याहून मोठी जबाबदारी आहे.