शिकायचे तर पगार सोडा!

औषधाच्या दुकानात उभ्या असलेल्या फार्मासिस्टवर कायद्याने मोठी जबाबदारी टाकली आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनुसार डॉक्टरांची चिठ्ठी तपासणे, औषधांची परस्परांवर होणारी क्रिया ओळखणे आणि रुग्णाला नीट समजावून सांगणे ही त्याची कर्तव्ये आहेत. ती योग्यच आहेत. परंतु त्यासाठी लागणारे ज्ञान त्याने कोठून आणावे? त्याच नियमांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत किमान दोन उजळणी वर्गांची, तेही किमान एकेका दिवसाच्या, अट घातली आहे. पाच वर्षांची जबाबदारी आणि दोन दिवसांचे शिक्षण!

रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणारा रुग्ण वेदनाशामक गोळी मागतो, तेव्हा रक्तस्रावाचा धोका तत्काळ ध्यानी यावा लागतो. ही जाण रुग्णशय्येपाशी पक्की होते. २००८ साली सुरू झालेल्या फार्म. डी. अभ्यासक्रमात तशी सोय आहे : पाच वर्षांचे अध्ययन व सहाव्या वर्षी रुग्णालयात प्रशिक्षण. त्यातील सहा महिने सामान्य वैद्यक विभागात आणि अन्य तीन विभागांत प्रत्येकी दोन महिने. बी. फार्म. झालेल्यांना हाच मार्ग तीन वर्षांचा आहे. दोन वर्षांची पदविका घेऊन नोकरीला लागलेल्यांसाठी २०१४ च्या नियमांनी बी. फार्म. (प्रॅक्टिस) हा अभ्यासक्रम आणला. त्याने पदवी मिळेल, रुग्णालयातील ते वर्ष मिळत नाही.

ज्याच्या पगारावर घर चालते, त्याने वर्षभर नोकरी सोडून रुग्णालयात राहावे कसे? म्हणजे प्रवेशाची खरी परीक्षा ऐपतीची आहे. ज्याच्यापुढे रोज रुग्ण उभा राहतो, नेमका तोच या शिक्षणापासून वंचित राहतो.

सवड दिल्यास दर्जा खालावेल, असा आक्षेप येईल. दर्जा ठरतो तो प्रशिक्षणाच्या तासांवर, कामाच्या नोंदींवर आणि परीक्षेवर. ते तास एका वर्षात भरले की दोन, याने रुग्णाचे काहीही बिघडत नाही. भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या अमेरिकेतही काही रुग्णालये आपल्या नोकरदार फार्मासिस्टांना एक वर्षाची रेसिडेन्सी, नोकरी सांभाळून, दोन वर्षांत पुरी करू देतात. जे तेथे दर्जाला बाधक ठरले नाही, ते येथेच का ठरावे?

दुसरा धोका मात्र खरा आहे. प्रशिक्षणाच्या नावाखाली बिनपगारी राबवून घेण्याची आणि रिक्त पदे तशीच ठेवण्याची संधी व्यवस्थापन सोडणार नाही. म्हणून मागणी अटींसह केली पाहिजे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत पाळीनुसार प्रशिक्षण मिळावे. एकूण तास व परीक्षा सर्वांना सारखीच असावी. प्रशिक्षणकाळात विद्यावेतन व नोकरीची हमी असावी. आणि प्रशिक्षणार्थींची गणना मंजूर पदांत होऊ नये.

रुग्णालय कर्मचाऱ्यांच्या आणि दुकानांतील नोकरदारांच्या संघटनांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी ही मागणी वेतनवाढीच्या मागणीइतकीच आग्रहाने मांडावी. फार्मासिस्टच्या अज्ञानाची किंमत मोजतो तो गरीब रुग्णच. कारण डॉक्टरकडे पुन्हा जाण्याचे पैसे नसलेला माणूस औषधाच्या दुकानातच सल्ला विचारतो.